घोडा लहान होत गेला

माणसाला पडद्यावर चालवायचं तर एका सेकंदाला बारा कागद लागतात. बारा कागदांत दोन पावलं. डावा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे, उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात. हे मला एकोणिसाव्या वर्षी, छावणी भागातल्या एका पत्र्याच्या माडीवर, उस्तादांनी शिकवलं, आणि पुढची तीसेक वर्षं मी त्यावर भाकरी खाल्ली. याच नियमाने मी त्यांचा घात केला. कसा ते सांगते, आडपडदा ठेवायची माझी हौस आता फिटली आहे.

आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांची बायकोसुद्धा चिडली की ‘ओ उस्ताद’ अशीच हाक मारायची. तिला आम्ही खाला म्हणतो. उस्ताद तरुणपणी मुंबईला गेले, वीस वर्षं कार्टूनच्या स्टुडिओत टेबलावर मान मोडली आणि परत येऊन छावणीत भावाच्या दुकानावरच्या माडीत स्वतःचा कारखाना टाकला. मुंबईहून पार्सल यायचं. त्यात कुठल्या तरी परदेशी मालिकेतल्या पात्राचे मुख्य कागद असायचे, आणि त्यांच्या मधले कागद आम्ही भरायचो. दूरदेशीच्या मुलांनी सकाळी दूध पिता पिता बघायची खार चितेगावहून एस्टीने येणाऱ्या एका मुलीने काढलेली असे, आणि हे त्या मुलांनाही माहीत नव्हतं नि त्या मुलीच्या वडिलांनाही. मी छापखान्यात आहे अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती.

शनिवारी काम संपलं की उस्ताद भिंतीवर चादर लावून जुनी कार्टूनं दाखवायचे. हसायला मनाई नव्हती, पण हसून झालं की तेच पुन्हा संथ चालवून बघावं लागे, आणि मग कुणाला हसू येत नसे. सुरुवातीला एकच माणूस सगळं काढायचा, ते सांगायचे. पात्र, घर, झाड, आकाश, सगळं दर कागदावर नव्याने. म्हणून त्या पहिल्या चित्रांत भिंतीसुद्धा थरथरतात. मग कुणी तरी कागद जागचा हलू नये म्हणून खुंट्या बसवल्या. मग काचेसारखा पारदर्शक कागद आला, मागचं घर एकदाच काढून पुढचं पात्र तेवढं हलवता येऊ लागलं. मग वाटणी झाली. एकाने मुख्य कागद काढायचा, दुसऱ्याने मधले भरायचे, तिसऱ्याने रेघ साफ करायची. आणि मग खोल्याच्या खोल्या भरून बायका बसल्या, दिवसभर दुसऱ्याची रेघ गिरवणाऱ्या, रंग भरणाऱ्या. त्यांतल्या बहुतेकींची नावं पडद्यावर आली नाहीत.

“बगा बेटा,” ते म्हणायचे, “हरेक नव्या शोधानं माणसाचा हात एक बोट मागं सरकला. रेघ साफ होत गेली आन् हात दिसेनासा झाला. आपण त्या रांगेच्या शेवटाला बसलोय.”

मला तेव्हा त्यात काही वाईट वाटत नसे. मी सफाईवाली होते, आणि हात दिसू न देणं हेच माझं कसब होतं. प्रत्येक पात्राचा एक पक्का कागद असतो, मॉडेल शीट. ते समोरून, बाजूने, मागून कसं दिसतं, धड डोक्याच्या किती पट, हे त्यावर ठरलेलं असतं. कच्चा कागद घाईत काढलेला असतो, त्यात पात्र कुठे तरी ढळतं. सफाईवाल्याने नवा कागद वर लावायचा, खालून उजेड सोडायचा, आणि रेघ ओढता ओढता पात्राला गुपचूप जागेवर आणायचं. कारखान्यात माझ्याबद्दल म्हणत की हिच्या हातून गेलेला कागद कधी मॉडेल सोडत नाही. मी हे ऐकून फुगायची.

आता आमच्या एका रिवाजाबद्दल. पहिल्या वर्षी गुरुपौर्णिमेला आम्ही पोरींनी हार-नारळ नेला तर उस्ताद ओशाळले. “आरं, मला कायकू हार? मी का फोटो हाय?” मग म्हणाले, द्यायचंच असेल तर माझी चाल द्या. फाटकापासून गल्लीतल्या कडुलिंबापर्यंत मी जातो आणि परत येतो, बघा आणि बारा कागदांत बसवा. तेव्हापासून दर गुरुपौर्णिमेला हे ठरलेलं. ते पांढरा कुर्ता घालून गल्लीत चालायचे, आम्ही ओट्यावर बसून कच्चं काढायचो, आणि आठवड्याने साफ केलेले बारा कागद नेऊन द्यायचो. ते कागद बोटांत धरून चाळायचे, चुका काढायचे, एका कोपऱ्यात वर्ष घालून सही करायचे आणि फायलीत लावायचे. शेजारच्यांना हा चाळा वाटे. फुकट चालणारा म्हातारा, फुकट बघणारी पोरं.

संगणक आला, पार्सलं बंद झाली, कारखान्याला कुलूप लागलं. बाकीचे पांगले. कुणी वाळूजला कंपनीत लागलं, कुणी फ्लेक्स छापतं. मी एका संस्थेत अॅनिमेशन शिकवते, म्हणजे मुलांना कोणतं बटण दाबायचं ते सांगते. पडेगावला घर केलं, तिथून छावणी जवळ पडते. त्यामुळे रिवाज पाळणारी मी एकटी उरले. आणि उस्तादांनी सत्तरीत स्वतःचं कार्टून काढायला घेतलं तेव्हा त्याची सफाई करणारीही मी एकटीच.

पाच मिनिटांचं कार्टून. त्यांचे वडील स्टेशन ते छावणी टांगा हाकायचे. एके दुपारी ते स्टेशनवरच बसल्या जागी गेले. लोक त्यांच्याभोवती गोळा झाले, आणि घोडा कुणाच्या लक्षात यायच्या आत रिकामा टांगा घेऊन आपला आपण घरी आला. उस्ताद तेव्हा लहान होते. दारात उभ्या उभ्या त्यांनी त्या घोड्याला गल्लीत वळताना पाहिलं. एवढीच गोष्ट. घोडा येतो. बाकी काही होत नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची माकडं नाचवली होती, हे एक त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यांना ते सगळंच्या सगळं स्वतःच्या हाताने हवं होतं. नातेवाईक ‘वरातीमागून घोडं’ म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, “व्हय, घोडंच हाय, बराबर बोलले.”

“माणूस दोन पायांवर लई खोटं बोलतो,” ते मला म्हणाले होते. “घोड्याला चार पाय हायेत. त्याला जमत नाय.”

आता चार वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. मी ओट्यावर पॅड घेऊन बसले, ते फाटकापासून निघाले, आणि मी सवयीने काढत गेले. घरी येऊन कच्चे कागद लाइट बॉक्सवर लावले तेव्हा दिसलं की उजवा हात हलत नाही. डावा पाय पुढे येतोय आणि उजवा हात पोटाजवळ, कोपरात थोडा वाकून, जागच्या जागी. बाराही कागदांत तिथेच.

मला वाटलं, मीच चुकले. एवढ्या वर्षांनी नजर ढिली झाली. नाहीतर त्यांनी हातात काही धरलं असेल, मनगट दुखावलं असेल. फायलीतल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स माझ्याकडे होत्या, त्या काढल्या, हात कसा जातो ते पाहिलं, आणि साफ करताना तो हात हलवला. मॉडेलवर आणला. दहा मिनिटांचं काम होतं. उस्तादांनी आठवड्याने ते कागद चाळले, खांद्याच्या रेघेवरून मला बोलले, आणि हाताबद्दल म्हणाले, “हात झकास गेलाय.” मी खूश होऊन घरी आले.

पुढच्या वर्षी हात तिथेच होता. शिवाय पावलं आखूड झाली होती, आणि लिंबाजवळ वळताना जिथे त्यांना दोन पावलं लागत तिथे पाच लागली. या वेळी मी स्वतःला फसवू शकले नाही. माणसं कशी चालतात हे बघण्यात माझा जन्म गेलाय. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात उस्ताद आम्हाला तासन्‌तास उभं करायचे आणि विचारायचे, हा कुठल्या पायाने अधू, ती बाई कितव्या महिन्यात, तो म्हातारा अजून किती वर्षं बाजाराला येईल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ते कधी सांगत नसत. मला ते त्या दिवशी गल्लीत मिळालं.

तरीही मी हात हलवला. पावलंही लांब केली.

का, ते सांगते. त्या जुन्या कार्टूनांत एक कायदा असतो. पात्र धावता धावता कड्याच्या पुढे हवेत जातं आणि खुशाल चालत राहतं. खाली बघेपर्यंत ते पडत नाही. मला वाटलं, उस्तादांना खाली बघू द्यायचं नाही. कार्टून पुरं होईस्तोवर चालू दे, मग काय ते बघू. आज लिहिताना यातला मूर्खपणा मला दिसतो. तेव्हा मला ते प्रेम वाटत होतं. प्रेम होतंही, पण त्यात भीती जास्त होती. सांगायचं कुणी, आणि सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघायचं कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणत राहिले.

मग घोडा लहान व्हायला लागला.

चौदाव्या प्रसंगाचे कच्चे कागद त्यांनी मला सफाईला दिले. घोडा आता जिथे उड्डाणपूल आहे तिथून, म्हणजे तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यावरून, सरळ आडवा चालत जातो. पहिल्या कागदावर वीतभर. मी चाळून पाहिलं तर चालता चालता तो आकसत होता. विसाव्या कागदावर चार बोटं, चाळिसाव्यावर तीन. प्रत्येक कागद वेगळा पाहिला तर बिनचूक घोडा, मान, खूर, लगाम सगळं जिथल्या तिथे. एकत्र चाळले की कुणी तरी त्याला दूर ओढून नेतंय असं वाटे. मी म्हटलं, “उस्ताद, हा लांब जातोय का?”

“नाय तर. आडवाच चाललाय.” त्यांनी चाळायला घेतले, तर कागद बोटांतून एकेक सुटेना, दोन-तीन एकदम पडत. म्हणाले, “खुंटी ढिली झाली असंल. तू बग जरा.”

मी बघितलं. नगर नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रत्येक कागद मोठा करून घेतला, कुठला किती ते मोजून, आणि त्यावरून साफ केलं. घोडा पुन्हा वीतभर झाला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, “ताई, एकच घोडा किती येळा काढायचा?” मी त्याला हसून काही तरी उत्तर दिलं. पंधराव्या प्रसंगात घोडा सुरुवातीलाच तीन बोटांचा होता. सोळाव्यात अंगठ्याएवढा.

याच दिवसांत खाला माझ्याजवळ स्वयंपाकघरात रडली. “तेरे उस्ताद मेरेसे बातच नै करते. हंसते नै. सामने बैठे तो ऐसा देखते, जैसे मैं दीवार हूं.” आदल्या ईदला दोघांचं माहेरच्या कुणावरून वाजलं होतं, त्याचा राग अजून धरलाय अशी तिची समजूत. वर्षभर ती त्या रागाची भरपाई करत होती, रोज त्यांच्या आवडीचं रांधत होती, न बोलता वाढत होती. राग नव्हताच. त्यांचा चेहरा हलायचा थांबला होता. मला ते माहीत होतं आणि मी तिला म्हटलं, “कामाचा ताण आहे, खाला.” चहा घेऊन बाहेर आले तर उस्ताद माझ्याकडेही तसेच बघत होते, आणि क्षणभर मला वाटलं की यांना सगळं कळलंय. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या गुरुपौर्णिमेला मी चौथ्यांदा त्यांना मॉडेलवर आणलं. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. सही मुंगीएवढी झाली. “शाई महाग झाली ना,” ते म्हणाले, आणि कागद फायलीत लावले.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. यंदा हिवाळ्यात ते फाटकाच्या उंबऱ्यावर पडले. पाय पुढे पडायचा थांबला आणि अंग पुढे गेलं, असं खालाने सांगितलं. हनुवटी फाटली. टाके घालणाऱ्या डॉक्टरने मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मी दोघांना रिक्षाने घेऊन गेले. जाताना उस्तादांनी ती फाईल काखेत घेतली होती. मी विचारलं नाही की कशाला. विचारायला हवं होतं.

डॉक्टरीण तिशीतली असेल. तिने उस्तादांना व्हरांड्यात चालवलं. ती भिंतीला टेकून बघत होती, आणि मला कळलं की ही आमच्यासारखंच बघते. तिची नजर आधी खांद्यावर, मग हातावर, मग वळणाऱ्या पावलांवर गेली. ती ओठांत मोजत होती. आत येऊन तिने विचारलं, “उजवा हात कधीपासून हलत नाही?”

“हात?” उस्तादांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “हात तर हलतो.”

खाला म्हणाली, “मालूम नै बेटा. मेरे ध्यान में नै आया.”

“आठवून सांगा. दोन वर्षं, चार वर्षं? त्यावर बरंच अवलंबून आहे.”

“आठवायचं कशाला?” उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता, पण त्यात ऐट होती. “माझ्याकडं लिखा-पढी हाय.” त्यांनी फाईल टेबलावर सरकवली. “हरेक सालची माझी चाल. ही माझी शागीर्द. आँखों को जो दिखता, तेच काढती. हिच्या कागदात खोट नाय.”

डॉक्टरणीला कागद कसे चाळायचे ते ठाऊक नव्हतं, उस्तादांनी हातवारे करून सांगितलं. तिने गेल्या वर्षीचे बारा चाळले. कागदावरचा माणूस झोकात चालत होता, डावा पाय, उजवा हात, उजवा पाय, डावा हात. तिने पुन्हा चाळले. मग त्याआधीचे. तिच्या कपाळावर आठी आली.

“गेल्या जुलैपर्यंत हात असा हलत होता? नक्की? पावलंही एवढी लांब?”

“सही हाय ना माझी.”

“मग हे पाच-सहा महिन्यांत झालंय. मला कंपवात वाटत होता, पण तो इतक्या झपाट्याने येत नाही. मग दुसरंच काही तरी असणार, आणि ते जास्त वाईट असू शकतं.” तिने कागद ओढून लिहायला घेतलं. “आजच दाखल करू. मेंदूची तपासणी, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून…”

खालाने पदर तोंडाला लावला. उस्ताद मात्र हललेही नाहीत. त्यांचा चेहरा तसाच, न हलणारा, पण डोळे माझ्याकडे वळले. त्यांत भरवसा होता.

मी म्हणाले, “तो हात मी घातलाय.”

कुणाला कळलं नाही. मग मी डॉक्टरणीला सगळं सांगितलं, उस्तादांकडे न बघता. चार वर्षांपूर्वी हात थांबला. तीन वर्षांपूर्वी पावलं आखूड झाली. दोन वर्षांपूर्वी चेहरा थांबला, आणि गेल्या जुलैत सही बारीक झाली. चाल मी दिसली तशीच काढली होती आणि साफ करताना बदलली होती. डॉक्टरणीने लिहिलेलं खोडलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, “चार वर्षं गेली. आधी गोळ्या चालू झाल्या असत्या तर ही वर्षं त्यांच्या हाताला सोपी गेली असती.”

खाला माझ्याकडे बघत होती. “मतलब वो गुस्सा नै थे?” तिने विचारलं. “मेरे पे?” मी म्हणाले, “नव्हते.” ती उठून उस्तादांच्या शेजारी बसली आणि त्यांचा तो हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही.

रिक्षात उस्ताद एकच वाक्य बोलले. “कच्चे हायेत का?”

होते. माझे कच्चे कागद मी कधी टाकत नाही. दुसऱ्या दिवशी पडेगावहून ते घेऊन गेले, चार वर्षांचे अठ्ठेचाळीस. त्यांना चाळता येईना म्हणून मी त्यांच्यासमोर बसून चाळले, पहिल्या वर्षापासून. ते बघत होते. दुसरं वर्ष. तिसरं. चौथ्या वर्षी कागदावरचा माणूस पुढे वाकून, हात पोटाशी धरून, जमिनीवरून पाय न उचलता सरकत होता. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे पुन्हा. मी पुन्हा चाळले. पाच-सहा वेळा तरी त्यांनी स्वतःला तसं जाताना पाहिलं.

“हे तुझं सगळ्यात चांगलं काम,” ते म्हणाले. “एक रेघ फालतू नाय. आन् हे तू मला दाखवलं नाय.”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूतही काढली नाही. मग म्हणाले, “घोडा पण असाच केलास?”

“होय.”

“किती लहान झाला व्हता?”

मी अंगठा दाखवला.

“होऊ दे. तसाच घ्यायचा. माझा हात जसा गेला तसा घोडा जाईल. तुझे साफ केलेले नको. माझे कच्चे आण, चौदापासून.”

मी हातातले कागद सारखे करत राहिले. त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि त्यांचा आवाज फाटला.

त्यांचे कच्चे माझ्याकडे नव्हते. साफ केलेला वीतभर घोडा आणि त्यांचा अंगठ्याएवढा घोडा कधी शेजारी शेजारी आले असते तर माझं बिंग फुटलं असतं. म्हणून दर प्रसंगाची सफाई झाली की मी त्यांचे कागद आणि झेरॉक्स एकत्र बांधून वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला देत होते. कच्चे घरी नीट ठेवलेत असं त्यांना सांगत होते. मी माझे जपले आणि त्यांचे विकले. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं, दुसरे सुचले नाहीत.

आत खाला भांडी लावत होती. शेवटी त्यांनी विचारलं, “किती व्हते?”

“दोनशे बारा.”

“मोजले व्हतेस?”

“मोठे करताना मोजले होते.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते मला जा म्हणतील, आणि मी जायला तयार होते. ते म्हणाले, “कागद लाव. पेन्सिलीला हात लावायचा नाय.”

गोळी घेतली की तासाभराने त्यांचा हात सुटतो आणि दीड तास सुटा राहतो. दुपारी त्या वेळेला मी जाते, खुंटीवर कोरा कागद लावते आणि बाजूला बसते. ते एक घोडा काढतात. बरा दिवस असला तर दोन. मग हात पुन्हा पोटाशी जातो, मी कागद काढून त्यांच्यासमोर फायलीत ठेवते आणि ती फाईल खाला कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावते. डॉक्टरीण म्हणते गोळीचा तास पुढे पुढे कमी होत जाईल. किती कागद उरले नि किती तास, याचा मी मनात रोज हिशेब करते आणि तो कधीच जुळत नाही. काल एकोणचाळिसावा झाला. तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे.